शैक्षणिक कर्जाच्या ॲपमध्ये खेळ मांडायचा असेल, तर तो हप्त्याचा नव्हे, मुद्दलीचा मांडावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मूळचे चिपळूणचे आणि सध्या पुण्यात नोकरी करणारे एक तरुण अभियंते शैक्षणिक कर्ज फेडण्यास मदत करणारे ॲप तयार करत आहेत. हप्ता वेळेवर भरला की नाणी मिळतात, सलग महिने भरत राहिले की 'साखळी' वाढते, मित्रमंडळींत क्रमवारी लागते आणि पडद्यावर हापूसचे एक कलम मोठे होत जाते, अशी त्यांची मांडणी आहे. सुरुवात रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील मुलांपासून करण्याचा त्यांचा विचार आहे. अमेरिकेत असे प्रयोग झाले आहेत, मग आपल्याकडे ते चालतील का आणि मांडणीत काय बदलावे, असे त्यांनी विचारले आहे.

मी बावीस वर्षे बँकेच्या कर्ज विभागात काढली, त्यांतील बहुतेक रत्नागिरी जिल्ह्यात, आणि नोकरी सोडल्यानंतर अशाच दोन ॲपच्या मांडणीत सल्लागार म्हणून भाग घेतला. त्यांपैकी एक ॲप चालले नाही, आणि त्या अपयशात माझाही वाटा होता. या अनुभवावरून सांगतो की, खेळाचा उपयोग होतो. मात्र तुम्ही तो ज्या जागी बसवला आहे त्या जागी होत नाही. मासिक हप्ता खेळाच्या बाहेर ठेवा आणि खेळ मांडा तो मुद्दलीभोवती.

अमेरिकेतील उदाहरणांकडे पाहताना तेथील कर्जाचा घाट लक्षात घ्यावा लागतो. तेथे एकाच विद्यार्थ्याच्या नावावर वेगवेगळ्या वर्षांची, वेगवेगळ्या व्याजदरांची चार-पाच किंवा त्याहून अधिक कर्जे असणे नेहमीचे आहे. त्यामुळे आधी सर्वांत लहान कर्ज संपवावे की सर्वांत महागडे, हा तेथे खराखुरा डाव असतो. लहान कर्ज पूर्ण संपल्याने माणसाला हुरूप येतो आणि तो नेटाने पुढचे फेडतो, असे तेथील अभ्यासांतून दिसले आहे. गणिताच्या दृष्टीने मात्र जास्त व्याजाचे कर्ज आधी फेडणेच फायद्याचे असते. खर्चाची रक्कम वरच्या डॉलरपर्यंत नेऊन उरलेली चिल्लर कर्जात वळती करणारी ॲप तेथे निघाली, आणि २०१८ साली एका वाहिनीवर प्रश्नमंजुषा जिंकणाऱ्याचे शैक्षणिक कर्ज फेडणारा कार्यक्रमही सुरू झाला. आपल्याकडे बहुतेक मुलांचे एकच कर्ज असते. मंजुरी एक, खाते एक आणि दर एक. रक्कम तेवढी वर्षावर्षाला महाविद्यालयाकडे वर्ग होत जाते. शिवाय आपल्या कर्जावर आई किंवा वडील सहकर्जदार म्हणून सही करतात. 'आधी कोणते कर्ज' हा डाव येथे नसतोच, आणि खेळाडू मात्र एक नसून दोन असतात. या दोन फरकांवर तुमची सगळी मांडणी उभी राहायला हवी.

आता हप्त्याविषयी. हप्ता बहुधा नॅच मँडेटने, म्हणजे बँकेला आधीच देऊन ठेवलेल्या परवानगीने, खात्यातून आपोआप कापला जातो. जे काम यंत्र करते त्याचे नाणे माणसाला देण्यात काही अर्थ नाही, कारण त्याने त्या महिन्यात काहीच केलेले नसते. खरी अडचण दुसऱ्या बाजूला आहे. खात्यात पैसे नसल्याने हप्ता परत गेला, तर बँकेचा दंड बसतो, कर्जफेडीचा इतिहास ठेवणाऱ्या सिबिलवर नोंद होते आणि थकबाकी ९० दिवसांच्या पुढे गेली की खाते एनपीए, म्हणजे अनुत्पादक, ठरते. एवढ्या शिक्षा आधीच असताना ॲपने साखळी तोडून वर आणखी एक शिक्षा दिली, की ज्याला मदतीची सर्वाधिक गरज आहे तोच माणूस ॲप उघडणे बंद करतो. आमच्या न चाललेल्या ॲपमध्ये नेमके हेच झाले. नियमित भरणारी मुले आनंदाने नाणी गोळा करत राहिली, पण त्यांना आमची गरज नव्हती; आणि ज्यांची साखळी एकदा तुटली ती पुन्हा फिरकली नाहीत.

त्यांतील एक मुलगा मला अजून आठवतो. तो दाभोळ खाडीकाठचा होता आणि मर्चंट नेव्हीच्या अभ्यासक्रमासाठी त्याने कर्ज काढले होते. जहाजावर असताना पगार चांगला, पण करार संपून घरी आला की पुढचा करार मिळेपर्यंत उत्पन्न शून्य. जहाजावर असताना त्याने दोन हप्ते जादा भरले होते, त्यामुळे तो खऱ्या अर्थाने इतरांच्या पुढे होता. भर समुद्रात नेटवर्क नसल्याने ॲप उघडले गेले नाही म्हणून मात्र आमच्या क्रमवारीत तो तळाशी गेला. त्याने घरी आल्यावर मला फोन करून शांतपणे विचारले, "साहेब, मी नक्की कशात मागे पडलो?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

मुद्दलीची गोष्ट वेगळी आहे, आणि ती आकड्यांत पाहिल्याशिवाय कळत नाही. समजा, चार वर्षांच्या अभियांत्रिकीसाठी दरवर्षी १ लाख याप्रमाणे ४ लाख रुपये उचलले आणि दर १० टक्के आहे. शिक्षणाचा काळ आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज सरळव्याजाने चढत असते. पहिला लाख पाच वर्षे, दुसरा चार, तिसरा तीन आणि चौथा दोन वर्षे उभा राहतो, म्हणजे हप्ते सुरू होईपर्यंत व्याजाचे १ लाख ४० हजार होतात आणि परतफेड ५ लाख ४० हजारांपासून सुरू होते. दहा वर्षांची मुदत धरली तर हप्ता सुमारे ७,१३६ रुपये येतो. त्या पहिल्या हप्त्यातले ४,५०० रुपये व्याजात जातात आणि मुद्दल जेमतेम २,६३६ रुपयांनी उतरते. वर्षभरात मुलगा सुमारे ८५,६०० रुपये भरतो आणि मुद्दल कमी होते सुमारे ३३ हजारांनी, म्हणजे जेमतेम ६ टक्के. अर्धी मुद्दल फिटायला सहा वर्षांहून थोडा अधिक काळ लागतो.

प्रगतीची पट्टी दाखवणाऱ्या प्रत्येक ॲपचा घोळ येथे होतो. भरलेल्या हप्त्यांची पट्टी दाखवली तर वर्षाअखेर १० टक्के दिसतात आणि मुलगा बँकेचा खातेउतारा पाहतो तेव्हा त्याला फसवल्यासारखे वाटते. मुद्दलीची पट्टी दाखवली तर ती पहिली दोन वर्षे हललीच नाही असे वाटते. माझे मत असे की, खरी पट्टीच दाखवावी, पण तिचे तुकडे करावेत. एकच कर्ज असले तरी ते शिक्षणाच्या वर्षांमध्ये वाटता येते: पहिल्या वर्षाची फी फिटली, दुसऱ्या वर्षाची फी फिटली, अशी. शेवटी एकच मोठा टप्पा ठेवण्यापेक्षा 'फर्स्ट इयर सुटले' हे मुलाच्या मनात अधिक बसते, कारण ते वर्ष त्याने जगलेले असते. चढलेल्या व्याजाचे १ लाख ४० हजारही एक वेगळा तुकडा म्हणून सर्वांत आधी ठेवावेत आणि त्याला नाव द्यावे. आम्ही त्याला 'उंबरठा' म्हणत असू. हा हिशेब ॲपचा आहे, बँकेचा नव्हे, हे मात्र पडद्यावर स्वच्छ लिहावे.

ध्येय जवळ आले की माणूस वेग वाढवतो, हे जुने निरीक्षण आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात गाड्या धुणाऱ्या केंद्राने काही ग्राहकांना आठ शिक्क्यांचे कार्ड दिले आणि काहींना दहा शिक्क्यांचे, पण त्यांतील दोन शिक्के आधीच मारून. दोघांनाही आठच वेळा गाडी धुवायची होती, तरी पहिल्या गटातील १९ टक्के आणि दुसऱ्या गटातील ३४ टक्के लोकांनी कार्ड पूर्ण केले. तुम्ही हे वाचले असेलच आणि सुरुवातीलाच काही नाणी फुकट देण्याचा मोह तुम्हाला होईल. फुकटची नाणी देऊ नका; खरे शिक्के मारता येतात. शिक्षण चालू असताना मुलाने किंवा वडिलांनी व्याजापोटी काही भरले असेल, केंद्राच्या योजनेतून व्याज अनुदान जमा झाले असेल, तर ती रक्कम 'उंबरठ्या'वर आधीच भरलेली दाखवा. हे उसने अवसान नव्हे. तो त्या घराने आधीच केलेला खर्च असतो.

त्यातूनच पुढचा मुद्दा येतो, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तुमचे ॲप हप्ते सुरू झाल्यावर हातात पडते. ते पहिल्या वर्षाची फी वर्ग होते त्या दिवशी हातात पडायला हवे. पहिल्या वर्षी १ लाखावर वर्षाचे व्याज १० हजार, म्हणजे महिन्याला ८३३ रुपये. शिकत असताना व्याज भरत राहणाऱ्याला अनेक बँका दरात १ टक्का सवलत देतात. पालकांचे वार्षिक उत्पन्न ४.५ लाखांच्या आत असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी केंद्राच्या व्याज अनुदान योजनेत या काळाचे व्याज सरकार भरते. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला वेळेत बँकेत पोचावा लागतो. किती घरांत हा दाखला 'उद्या जाऊ' म्हणता म्हणता राहून गेला आणि सगळे व्याज अंगावर पडले, हे मी माझ्या टेबलावरून पाहिले आहे. तलाठ्याकडे जाणे, दाखला काढणे, शाखेत देऊन पोच घेणे हे खेळातले खरे डाव आहेत, कारण ते माणसाला स्वतः करावे लागतात आणि त्यांचा मोबदला हजारांत असतो.

नोकरी लागल्यावरचे डावही असेच शोधावेत. पगारातून महिन्याला १,००० रुपये जादा भरले, तर वरच्या उदाहरणातील कर्ज १२० ऐवजी सुमारे ९७ महिन्यांत संपते आणि व्याजाचे सुमारे ६७ हजार रुपये वाचतात. व्यक्तीने घेतलेल्या तरत्या, म्हणजे बदलत्या, व्याजदराच्या कर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड बँकांना लावता येत नाही, हे रिझर्व्ह बँकेने २०१४ सालीच स्पष्ट केले आहे. तरीही 'जादा भरले तर चार्ज बसतो का' हा प्रश्न मला आजही विचारला जातो. जादा रक्कम काही ठिकाणी थेट मुद्दलीत जाते आणि काही ठिकाणी पुढच्या हप्त्याची आगाऊ रक्कम म्हणून धरली जाते. म्हणून ती मुद्दलीत धरावी असे लेखी देणे आणि पुढच्या उताऱ्यात ती उतरली का हे पाहणे, हा स्वतंत्र डाव ठेवा. आयकरात (१९६१ च्या कायद्यात कलम ८०ई) शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आठ वर्षांपर्यंत रकमेची मर्यादा नसलेली वजावट मिळते, पण ती जुन्या करपद्धतीतच. कोणती पद्धत फायद्याची, हे दरवर्षी मुलाने स्वतःच्या पगारावर मांडून पाहावे. कर्ज ऑक्टोबर २०१९ च्या आधीचे असेल, तर दर कशाशी जोडला आहे आणि तो रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराशी जोडून घेता येतो का, हे शाखेत विचारावे. अशा प्रत्येक कामानंतर नाणे देऊ नका, वाचलेले रुपये आणि कमी झालेले महिने दाखवा. १९७३ सालच्या एका प्रसिद्ध प्रयोगात, चित्रे काढल्यास प्रशस्तिपत्र देऊ असे आधी कबूल केलेली लहान मुले नंतर आपणहून चित्रे काढण्यात कमी वेळ घालवू लागली. कर्ज कमी होणे हेच ज्यात बक्षीस आहे तेथे वरून नाणी टाकली, की माणूस नाण्यांकडे पाहू लागतो.

आता तुमच्या कोकणाकडे येतो, कारण पुण्यात बसून मांडलेली वर्षाची घडी येथे बसत नाही. चिपळूणचे असल्याने तुम्हाला हे माहीत आहे, पण संगणकासमोर बसले की आपणा सर्वांना बारा महिने सारखेच दिसू लागतात. बागायतदाराच्या घरात पैसा येतो तो आंब्याच्या पेट्या वाशीच्या बाजारात गेल्यानंतर, आणि दलालाची पट्टी हातात पडून हिशेब मिटेपर्यंत मे-जून उजाडतो. यांत्रिकी नौकेवर जाणाऱ्याच्या घरी १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, आणि नेमक्या त्याच दिवसांत शाळा-कॉलेजच्या फिया उभ्या राहतात. पाठोपाठ गणपती. मुंबईहून चाकरमानी मुलगा घरी येतो तेव्हा त्याच्या खिशाला वर्षातले सर्वांत मोठे भोक पडलेले असते, आणि त्या आठवड्यात 'तुमची साखळी धोक्यात आहे' असा संदेश त्याच्या फोनवर वाजवणारे ॲप मी तरी ठेवणार नाही. म्हणून जादा परतफेडीचे लक्ष्य महिन्याचे ठेवू नका, वर्षाचे ठेवा, आणि घराला स्वतःचे महिने निवडू द्या. बागायतदाराने मे निवडावा, होडीवाल्याने ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि जहाजावरच्या मुलाने करार सुरू असलेले महिने. जून ते सप्टेंबर 'पावसाळा' म्हणून झाकून ठेवण्याची सोय द्यावी. त्या काळात फक्त हप्ता जाईल एवढे पैसे खात्यात आहेत का, याची आठवण तीन दिवस आधी करावी. पावसात वीज आणि नेटवर्क दोन्ही जातात, तेव्हा ही आठवण साध्या एसएमएसनेही पाठवावी. वेळ पाळावी, वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर नकोत हा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे, आणि कर्जाची आठवण करणाऱ्या ॲपने स्वतःला त्याहून सैल नियम लावण्याचे कारण नाही.

हापूसच्या कलमाची कल्पना सुरेख आहे, आणि आमचीही तीच होती. हप्ता चुकला की पाने सुकायची. एका मुलाच्या वडिलांनी, जे स्वतः पावसच्या बाजूचे बागायतदार होते, ते सुकलेले कलम पाहिले आणि दुसऱ्या दिवशी शाखेत येऊन विचारले की, बँकेने बागेवर काही कारवाई सुरू केली आहे का. हसण्यासारखी गोष्ट वाटते, पण सहकर्जदार म्हणून सही केलेल्या माणसाच्या मनात कर्ज आणि बाग एकाच ठिकाणी असतात. कलम ठेवायचेच असेल तर ते कधीही सुकू देऊ नका. ते थांबू शकते, एवढेच. आणि बागायतदाराला ठाऊक असलेली एक गोष्ट तुमच्या उपयोगाची आहे: नव्या कलमाला पहिली तीन-चार वर्षे मोहोर आला तरी तो खुडून टाकतात, म्हणजे झाड अंगाने वाढते. कर्जाच्या पहिल्या वर्षांत मुद्दल का हलत नाही हे आकड्यांनी न समजलेल्या घराला हे एका वाक्यात समजते.

क्रमवारी मात्र काढूनच टाका. मुंबईत क्रमवारी ही गंमत असेल. वाडीत ती बातमी असते. कोणाच्या मुलाचा हप्ता परत गेला हे देवळाच्या पारावर कळले, की त्या घरातल्या मुलीच्या लग्नाच्या बोलण्यापर्यंत ते पोचते. स्पर्धेऐवजी सोबत हवी असेल, तर ती दोन खेळाडूंमध्येच आहे. आई-वडिलांना वेगळा, मोठ्या अक्षरांचा, मराठी पडदा द्या. त्यावर फक्त तीन गोष्टी असाव्यात: मुद्दल किती उरली, या महिन्याचा हप्ता गेला का, आणि मुलाने यंदा जादा किती भरले. बऱ्याच घरांत मुलगा आकडे सांगत नाही आणि वडील विचारत नाहीत, आणि दोघेही एकमेकांसाठी काळजी करत बसतात. आमच्या दुसऱ्या ॲपमध्ये सर्वांत जास्त उघडला गेलेला पडदा हाच होता, आणि त्यात खेळ म्हणावा असे काही नव्हते. मात्र मुलाच्या संमतीशिवाय हा पडदा सुरू होता कामा नये, आणि त्याचा पगार किंवा इतर खर्च तेथे कधीही दिसू नयेत.

कायद्याच्या बाजूवर लांबण लावत नाही. पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्याने बंदी आहे, त्यामुळे 'शंभर रुपये टाका, सोडतीत कर्ज माफ' हा विचार मनातून काढा. ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत ग्राहकाला फसवणाऱ्या मांडणीचे १३ प्रकार दिले आहेत. खोटी घाई दाखवणे आणि नकार देणाऱ्याला लाजवणे हे दोन्ही त्यांत आहेत, आणि खेळाच्या नावाखाली नेमके हेच दोन प्रकार सर्वाधिक शिरतात. कर्ज देणाऱ्या संस्थेशी करार करणार असाल, तर फोनमधील संपर्कयादीला हात लावू नका. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्येच ते बंद केले आहे. कर्जदाराला नवे कर्ज विकून कमाई करण्याचा विचार असेल, तर आतापर्यंतचे माझे सगळे उत्तर बाजूला ठेवा, कारण मग तुमचा डाव कर्जदाराच्या विरुद्ध आहे.

राहता राहिला शेवटचा टप्पा. बहुतेक ॲप शेवटच्या हप्त्याला फटाके उडवून थांबतात, आणि खरे काम तेथून पुढे असते. काही देणे उरले नसल्याचा नो ड्यूज दाखला घ्यायचा असतो, सिबिलमध्ये खाते बंद दिसते का ते महिन्या-दीड महिन्याने पाहायचे असते. मोठ्या कर्जासाठी मालमत्ता तारण असेल, तर मूळ कागदपत्रे कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत परत मिळायला हवीत. बँकेच्या कारणाने उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाईचा नियम डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. त्यानंतर सातबाऱ्याच्या इतर हक्कांतील बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, उतरवण्यासाठी बँकेचे पत्र घेऊन तलाठ्याकडे अर्ज करावा लागतो आणि फेरफार मंजूर व्हावा लागतो. कोकणातील जमिनी सामाईक, एकेका सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावे; तारणाला संमती देणारे काका-चुलतभाऊ ही बोजाची नोंद कधी जाते याकडे डोळे लावून बसलेले असतात. म्हणून तुमच्या खेळाची शेवटची पायरी ही शेवटचा हप्ता धरू नका. बोजाविरहित नव्या सातबाऱ्याचा फोटो मुलगा किंवा वडील ज्या दिवशी ॲपमध्ये चढवतील, त्या दिवशी खाते मिटवा, साठवलेली माहिती पुसून टाका आणि तसे त्यांना मराठीत कळवा.